गरम पाण्याला जागा हवी
घरगुती उष्णजल यंत्रणेतील प्रसरणपात्राचे आकारमान कसे ठरवावे

उष्णतेने पाणी प्रसरण पावते, हा नियम प्राथमिक शाळेतच शिकविला जातो. तथापि हाच नियम घराच्या गच्चीवरील सौर टाकीत, न्हाणीघरातील गिझरमध्ये आणि भिंतीआडच्या नळांत दररोज आपले कार्य करीत असतो, याचे भान क्वचितच ठेवले जाते. २०० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ८० अंशांपर्यंत तापविले, तर त्याचे आकारमान सुमारे ५.४ लिटरांनी वाढते. या वाढीव पाण्याला बाहेर पडण्यास वाट किंवा सामावण्यास जागा ठेवलेली असेल, तर घरातील कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. ती नसेल, तर तेच पाणी टाकीचा पत्रा फुगविते, सांधे उसविते आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर उठते. म्हणूनच गरम पाण्याची व्यवस्था करताना या जागेचा हिशेब आधी होणे अगत्याचे आहे.

भाणापासून बंद टाकीपर्यंत

पेडणे व डिचोली तालुक्यांतील जुन्या घरांत न्हाणीच्या चुलीवर बसविलेले तांब्याचे भाण हे गरम पाण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन. भाणाचे तोंड उघडे असल्यामुळे पाणी तापले की त्याची पातळी किंचित चढे आणि निवाले की उतरे. जादा दाब निर्माण होण्याचा प्रश्नच नव्हता. इतरत्र प्रचलित असलेल्या तांब्याच्या बंबालाही पाणी ओतण्याचे तोंड वर मोकळेच असे. पाण्याला जागा देण्याची सोय त्या भांड्यांच्या घडणीतच अंतर्भूत होती.

नळाचे पाणी घरोघरी पोहोचल्यानंतर ही स्थिती पालटली. पेडण्यात चांदेल येथील, तर डिचोलीच्या परिसरात अस्नोडा व पडोशे येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांनी गावोगावच्या नळांना पाणी पुरविले. ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळजोडणी देणारे देशातील पहिले राज्य म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये गोव्याची नोंद झाली. नळामागोमाग गच्चीवरची टाकी, टाकीमागोमाग गिझर आणि त्यानंतर सौर उष्णजल यंत्र, असा हा क्रम आहे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानातही सौर उष्णजल यंत्रांना स्थान देण्यात आले होते. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यालगतच्या गावांत पर्यटकांसाठी अतिथीगृहे उभी राहिली आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यावर या व्यवसायाला आणखी चालना मिळाली. वरच्या मजल्यावरील शॉवरलाही जोराचे पाणी मिळावे, म्हणून अशा इमारतींत प्रेशर पंप बसविले जातात. पंप आला की पाण्याची यंत्रणा बंदिस्त होते आणि प्रसरणाचा प्रश्न येथूनच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पाणी किती वाढते?

पाण्याचे प्रसरण सर्व तापमानांत सारख्या प्रमाणात होत नाही, ही पहिली लक्षात ठेवण्याजोगी बाब. २० अंशांवरील पाणी ४० अंशांपर्यंत तापविल्यास त्याच्या आकारमानात सुमारे ०.६ टक्के वाढ होते. ५० अंशांपर्यंत ती १ टक्का, ६० अंशांपर्यंत १.५ टक्के, ७० अंशांपर्यंत २.१ टक्के, ८० अंशांपर्यंत २.७ टक्के आणि ९० अंशांपर्यंत ३.४ टक्के भरते. म्हणजे पाणी जितके अधिक गरम, तितका पुढच्या प्रत्येक अंशाचा परिणाम अधिक. गोव्याच्या हवामानात टाकीतील पाणी बहुधा २० अंशांहून उष्णच असते. तरीही हिशेब २० अंशांपासून केल्यास होणारी चूक सुरक्षिततेच्या बाजूने पडते.

हे आकडे लहान वाटतात आणि तेथेच फसगत होते. पाणी दाबले जात नाही म्हटले तरी चालेल, इतके ते दाबास दाद देत नाही. पूर्णपणे भरलेल्या, सर्व बाजूंनी बंद आणि मुळीच न ताणल्या जाणाऱ्या भांड्यातील पाणी ५० अंशांच्या आसपास केवळ १ अंशाने तापविले, तर दाब सुमारे १० बारने वाढेल. वातावरणाच्या दाबाची ही दहा पट झाली. प्रत्यक्षातील टाकी व नळ थोडेफार ताणले जातात, म्हणून वाढ इतकी तीव्र नसते. परंतु घरगुती गिझरच्या टाक्या सामान्यतः ८ बारपर्यंतच्या दाबासाठी बनविलेल्या असतात, हे ध्यानात घेता काही अंशांची उष्णताही बंद यंत्रणेला किती जड जाऊ शकते, याची कल्पना येईल.

उघडी यंत्रणा : वायुनळी हीच खरी संरक्षक

डिचोली, साखळी, पेडणे व भोवतालच्या गावांतील बहुसंख्य घरांत गच्चीवरील उघड्या टाकीतून पाणी केवळ उंचीच्या बळावर सौर यंत्रात उतरते. या प्रकारात वेगळ्या प्रसरणपात्राची आवश्यकता नसते. वाढलेले पाणी काही अंशी थंड पाण्याच्या टाकीकडे परत सरकते आणि उरलेल्याला गरम टाकीच्या माथ्यावरून सरळ वर गेलेली वायुनळी वाट देते. वाफ आणि हवा यांनाही बाहेर पडण्याचा मार्ग तोच.

या वायुनळीविषयी तीन नियम कटाक्षाने पाळावयास हवेत. पहिला, तिच्या मार्गात कोणताही व्हॉल्व्ह असता कामा नये. दुसरा, तिचे तोंड कधीही बुचाने, चिंधीने वा सिमेंटने बंद करू नये. पक्षी, कीटक किंवा पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून जाळी बसविण्यास हरकत नाही. मात्र ती वेळोवेळी साफ करावी. तिसरा, नळीचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतील सर्वोच्च पातळीहून पुरेसे वर असावे. गरम पाणी हलके असल्यामुळे त्याचा स्तंभ थंड पाण्यापेक्षा उंच उभा राहतो. थंड टाकीची पातळी गरम टाकीच्या ३ मीटर वर असेल, तर ८० अंशांवरील पाणी वायुनळीत त्या पातळीच्याही सुमारे ८ सेंटिमीटर वर चढते. म्हणून नळी निदान अर्धा मीटर अधिक उंच ठेवावी. अन्यथा तिच्यातून पाणी सतत सांडत राहील, आणि सांडणारे पाणी पाहून कोणीतरी तिला बूच मारील. पुष्कळ अपघातांचे मूळ अशा ‘दुरुस्ती’त असते.

येथेच एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. काचनळ्यांच्या पुष्कळशा सौर यंत्रांच्या टाक्या बिनदाबाच्या असतात. त्या फक्त उघड्या यंत्रणेसाठी तयार केलेल्या असतात. अशा टाकीला प्रेशर पंप जोडल्यास कितीही मोठे प्रसरणपात्र तिचे रक्षण करू शकत नाही. टाकी फुगते, रबरी कड्या निसटतात, काचनळ्या फुटतात. पंप बसवावयाचा असेल, तर आधी टाकी दाबाला टिकणारी आहे की नाही, हे तिच्यावरील पट्टीवर पाहून घ्यावे.

बंद यंत्रणा आणि प्रसरणपात्र

जेथे पंप आहे आणि गरम टाकीच्या थंड पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, तेथे वाढलेले पाणी मागे जाऊ शकत नाही. तेथे प्रसरणपात्र हवे. बाजारात त्यास एक्स्पान्शन टँक म्हणतात. हे पोलादी भांडे आतून रबरी पडद्याने दोन भागांत विभागलेले असते. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस भरून ठेवलेली हवा. पाणी वाढले की ते पडदा रेटून आत शिरते, हवा दबते. पाणी निवाले अथवा नळ उघडला की दबलेली हवा ते पाणी परत बाहेर ढकलते. पाणी दबत नाही, हवा दबते, या एवढ्याच तत्त्वावर सारी योजना उभी आहे.

हवेचा दाब आणि आकारमान यांचे नाते इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल याने १६६२ साली प्रसिद्ध केले. तापमान तेच राहिले, तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते. पात्राचे माप ठरविताना याच नियमाचा आधार घेतला जातो. त्यासाठी चार गोष्टी माहीत हव्यात : यंत्रणेत किती पाणी तापते, ते किती अंशांपर्यंत तापते, यंत्रणा थंड असताना दाब किती असतो आणि दाब जास्तीत जास्त कितीपर्यंत वाढू द्यावयाचा.

हिशेबाच्या पायऱ्या

उदाहरणार्थ, पेडण्याच्या किनाऱ्यावरील एका लहान अतिथीगृहात दाबाला टिकणारी ३०० लिटरांची सौर टाकी आहे, पंप २.५ बार दाबावर बंद होतो आणि टाकीवरील सेफ्टी व्हॉल्व्ह ६ बारला उघडतो, असे समजू.

पहिली पायरी वाढीव पाण्याची. ८० अंशांपर्यंत २.७ टक्के, म्हणजे ३०० लिटरांमागे ८.१ लिटर.

दुसरी पायरी दोन दाबांची. आरंभीचा दाब २.५ बार. अंतिम दाब सेफ्टी व्हॉल्व्ह उघडण्याच्या दाबाहून सुमारे अर्धा बार कमी धरावा, म्हणजे ५.५ बार. मात्र दाबमापकाचा काटा वातावरणाचा दाब वगळून आकडा दाखवितो. बॉईलच्या नियमाला संपूर्ण दाब लागतो, म्हणून दोन्ही आकड्यांत १ मिळवावा. हे दाब अनुक्रमे ३.५ आणि ६.५ बार झाले.

तिसरी पायरी पात्राचा किती अंश उपयोगी पडतो, हे काढण्याची. ३.५ ला ६.५ ने भागले असता ०.५४ येतात, ते १ मधून वजा केले की ०.४६ उरतात. याचा अर्थ, पात्राच्या एकूण आकारमानापैकी ४६ टक्के भागातच वाढीव पाणी मावू शकते. बाकीची जागा दबलेली हवा व्यापते.

चौथी पायरी भागाकाराची. ८.१ ला ०.४६ ने भागता सुमारे १७.६ लिटर येतात. बाजारात मिळणारे त्यापुढचे सोयीचे माप २४ लिटर निवडावे. पर्यटन हंगाम संपल्यावर खोल्या रिकाम्या असतात, पाणी वापरले जात नाही. सूर्य मात्र ते तापवीतच राहतो. तापमान ९० अंशांपर्यंत चढले, तर वाढ ३.४ टक्के, म्हणजे १०.२ लिटर होते आणि पात्र सुमारे २२ लिटरांचे लागते. २४ लिटरांचे पात्र तोही भार पेलू शकते.

दाबात १ मिळविण्यास विसरले, तर याच हिशेबातून सुमारे १५ लिटर हे उत्तर निघते आणि अपुरे पात्र विकत घेतले जाते. ही चूक सर्वत्र आढळणारी आहे.

पाण्याइतकेच महत्त्व दाबाला

केवळ टाकीच्या लिटरांवरून पात्र निवडण्याची प्रथा सदोष का आहे, हे याच उदाहरणावरून दिसून येईल. टाकी तीच, तापमान तेच, परंतु पंप ४ बारवर बंद होणारा असला, तर उपयोगी अंश ४६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर येतो आणि पात्र ३५ लिटरांचे लागते. शॉवरला अधिक जोर हवा म्हणून पंपाचा दाब वाढविणाऱ्याने पात्राचाही पुनर्विचार केला पाहिजे.

तीच गोष्ट पात्रातील हवेची. पात्र जोडण्यापूर्वी त्यातील हवा यंत्रणेच्या आरंभीच्या दाबाइतकी भरून घ्यावी लागते. वरील उदाहरणात २.५ बार, म्हणजे गॅरेजमधील भाषेत सुमारे ३६ पौंड. ती केवळ १ बारच ठेवली, तर थंड पाणीच पात्रात शिरून जागा अडविते. २४ लिटरांचे पात्र एरवी ११ लिटर पाणी सामावते. हवा कमी असल्यास ते जेमतेम ६.३ लिटर घेऊ शकते. गरज ८.१ लिटरांची असल्यामुळे मोठे पात्र घेऊनही ते अपुरेच ठरते. पात्र पंपाहून उंचावर बसविलेले असेल, तर दर १० मीटर उंचीमागे दाब सुमारे १ बारने कमी होतो, हेही हिशेबात घ्यावे.

प्रेशर पंपासोबत येणारी लहान टाकी याच कामी येईल, असा समज काही ठिकाणी आढळतो. ती पंप वारंवार सुरू-बंद होऊ नये म्हणून असते. ती आणि गरम टाकी यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल, तर तापलेले पाणी तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. प्रसरणपात्राची योग्य जागा त्या व्हॉल्व्हच्या पुढे, गरम टाकीत जाणाऱ्या थंड नळावर होय. थंड नळावर रबरी पडदाही अधिक काळ टिकतो. पात्र आणि टाकी यांच्यामध्ये बंद करता येण्याजोगा व्हॉल्व्ह मात्र असू नये.

शीतप्रदेशांतील घरे

प्रसरणपात्राचा सर्वाधिक वापर शीतप्रदेशांत होतो. तेथे घर उबदार ठेवण्यासाठी बॉयलरमध्ये तापविलेले पाणी नळांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरविले जाते आणि तेच पाणी परत येऊन पुन्हा तापते. लंडनमध्ये अँजिअर मार्च पर्किन्स याने १८३१ साली बंद नळ्यांतून गरम पाणी फिरविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यातही प्रसरणासाठी हवा राखून ठेवलेली एक रुंद नळी होती. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या अनेक गोमंतकीय कुटुंबांच्या घरांत आजची बंद यंत्रणा असते आणि तिचे पात्र बहुधा बॉयलरच्या आतच बसविलेले असते.

हिशेबाची रीत तीच. यंत्रणेत १०० लिटर पाणी आहे आणि ते १० अंशांपासून ८० अंशांपर्यंत तापते, असे धरल्यास वाढ २.९ लिटर होते. भरतेवेळचा दाब १ बार व सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारचा असल्यास संपूर्ण दाब २ आणि ३.५ बार येतात. उपयोगी अंश ४३ टक्के आणि पात्र सुमारे ६.८ लिटरांचे, म्हणून ८ लिटरांचे घ्यावे. पुढे खोल्या वाढवून रेडिएटर जोडले, तर पाणीही वाढते आणि मूळ पात्र अपुरे पडू लागते. पेडण्यातील ३०० लिटरांची टाकी आणि ब्रिटनमधील १०० लिटरांची यंत्रणा यांच्या मापांत फरक आहे, नियमात नाही. एक भेद मात्र लक्षात ठेवावा : रेडिएटरचे पाणी पिण्याचे नसते. आपल्याकडील यंत्रणेतील पाणी तोंड धुण्यास व स्वयंपाकासही वापरले जाते. तेव्हा पिण्याच्या पाण्यास योग्य अशाच पडद्याचे पात्र घ्यावे.

ठिबकणारा व्हॉल्व्ह काय सांगतो?

न्हाणीघरातील २५ लिटरांच्या गिझरमध्ये पाणी ६० अंशांपर्यंत तापले, तर वाढ अर्ध्या लिटरहूनही कमी, सुमारे ०.३८ लिटर होते. पाणी मागे जाण्यास वाट नसेल, तर तेवढे पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने गळते. ही नासधूस समजून व्हॉल्व्हला बूच मारणे किंवा तो काढून साधा जोड बसविणे म्हणजे घरात धोका पोसणे होय. तापताना पडणारे थोडे थेंब हे व्हॉल्व्ह जिवंत असल्याचे चिन्ह आहे. गळती सतत व अधिक असेल, तर पात्र नाही, अपुरे आहे की निकामी झाले आहे, याची तपासणी करावी.

प्रसरणपात्र आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांची कार्ये भिन्न आहेत. पात्र दररोजची वाढ सांभाळते. थर्मोस्टॅट बिघडून पाणी उकळबिंदूच्याही वर गेले, तर मात्र पात्राचा उपयोग होत नाही. दाबाखालील असे पाणी टाकी फुटताच अंशतः वाफेत रूपांतरित होते आणि पाण्याची वाफ मूळ आकारमानाच्या सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. गिझरच्या स्फोटाची भीषणता यातूनच उद्भवते. तेथे सेफ्टी व्हॉल्व्ह हाच अखेरचा रक्षक असतो. म्हणून एकाच्या जागी दुसरा चालेल, असे कधीही मानू नये.

निगा

पात्राची तपासणी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपताच करावी. पंप बंद करून व नळ उघडून पाण्याचा दाब उतरवावा आणि चाकातील हवा मोजण्याच्या साध्या साधनाने पात्रातील हवा मोजावी. कमी असल्यास भरून घ्यावी. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबताच हवेऐवजी पाणी आले, तर रबरी पडदा फाटला असे समजून तो अथवा संपूर्ण पात्र बदलावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते. तेथे पात्र आडोशाला ठेवावे व त्याचा रंग वेळीच द्यावा. गिझर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे आणि जोडणी जाणकार नळकारागिराकडूनच करून घ्यावी.

घरमालकाने कारागिराला विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. टाकी दाबाची आहे की बिनदाबाची? तापलेले पाणी वाढून कोठे जाते? पंप किती दाबावर बंद होतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबावर उघडतो? पात्रात हवा किती भरली आहे? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर पात्राचे माप कागदावर पाच मिनिटांत निघते. ती मिळत नसतील, तर यंत्रणा सुरू करण्याची घाई करू नये.